लूपरला लेहरा समजा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुम्ही इंदूरमध्ये हवाइयन गिटारवर जुनी सिनेगीतं आणि भावगीतं वाजवता. श्रोते बहुतेक साठीपुढचे, म्हणजे कोजागिरी, गणेशोत्सव, एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन इथले. साथीला तबला असतोच, कीबोर्डवाला मिळाला तर मिळाला. म्हणून एका बटणाचा लूपर घेतलात, म्हणजे वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पायाने दाबायचं पेडल. घरी जमलं, पण पहिल्याच कार्यक्रमात मध्यंतरात एक आजोबा विचारून गेले, "मागे ट्रॅक लावला होता का?" आणि तबलजी जाताना म्हणाले की पुन्हा हे यंत्र असेल तर मला बोलावू नका. आता तुम्ही विचारताय, या मंडळींना लूपिंग पटवायचं कसं, की नाद सोडून द्यायचा?

श्रोत्यांची तक्रार यंत्राबद्दल आहे असं मला वाटत नाही. विजेवर चालणारी जी गिटार सर्वांत आधी बाजारात आली, 1932 च्या सुमारास रिकनबॅकरची, तीच मुळी मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटार होती. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या तबकड्यांवर तुमच्या श्रोत्यांचे कान तयार झालेत, आणि तो आवाजही पिकअप आणि अँपमधूनच आलेला आहे. अडचण अशी की आज गल्लोगल्ली कराओकेचे कार्यक्रम होतात आणि माणसाशिवाय येणारा प्रत्येक आवाज 'ट्रॅक' ठरतो. तुमचा दुसरा आवाज कुठून आला हे आजोबांना दिसलं नाही, एवढाच त्यांच्या प्रश्नाचा अर्थ. तबलजींची तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून राहतील हे आधीच सांगतो. तबला आहे की नाही, तुम्ही खुर्चीवर बसता की बैठकीवर, ट्यूनिंग कोणतं, हॉल रवींद्र नाट्यगृहाएवढा की सोसायटीच्या गच्चीएवढा, यावर अर्धी उत्तरं बदलतात. खाली मी ई ट्यूनिंग धरलंय, खालून वर ई, बी, ई, जी शार्प, बी, ई, म्हणजे मोकळ्या तारांवर षड्ज पांढरी तीन.

आता मुख्य मुद्दा. आपल्या श्रोत्यांना लूप नवा नाही, त्यांना तो 'लेहरा' या नावाने ठाऊक आहे. एकल तबलावादनात सारंगी किंवा हार्मोनियम एका आवर्तनाची तीच ओळ तासभर वाजवते, आणि कोणी म्हणत नाही की हार्मोनियमवाल्याला दुसरं काही येत नाही. उलट लेहरा जितका एकसारखा, तितका तबला खुलतो. उस्ताद जहांगीर खाँच्या शहरात हे समजावून सांगावं लागू नये. तंबोऱ्याचंही तेच. तेव्हा लूपरकडून तेवढंच काम घ्या जेवढं लेहरा किंवा तंबोरा करतो. गाणं, म्हणजे मींड, कण, शब्दांच्या जागा, हे सगळं दर वेळी हातातूनच आलं पाहिजे. एकदा वाजवलेली मींड लूपमध्ये जशीच्या तशी पाच वेळा परत आली की पहिल्या रांगेतल्या माणसाला ती नक्की खुपते, कारण सांगता आलं नाही तरी. माझा नियम साधा आहे: ज्या स्वरावर बार (तारांवर फिरवायची धातूची कांडी) सरकतो तो स्वर लूपमध्ये जात नाही.

आता वेळेचा हिशेब करू, कारण श्रोते इथेच सुटतात. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत केरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन 4.8 सेकंदांचं. चार आवर्तनांचा लूप 19.2 सेकंदांचा. खर्ज, मग कॉर्ड, मग वरची एखादी ओळ असे तीन थर ओळीने रचले तर जवळजवळ एक मिनिट श्रोत्यांना गाण्याचा सूर ऐकूच येत नाही. ते तुमच्या पायाकडे बघत बसतात. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा शांतपणे ऐकलेलं हे गाव आहे, सावकाशीचा कंटाळा इथे कोणाला नाही. कंटाळा येतो तो काहीच घडत नसल्याचा.

म्हणून क्रम उलटा करा. आधी मुखडा एकट्या गिटारवर, तबल्याशिवाय, मोकळ्या लयीत एकदा वाजवा. पंधरा सेकंदांत गाणं ओळखलं जातं आणि तुमच्या नावावर वेळ जमा होतो. मग तबला सुरू होऊ द्या आणि पहिला थर भरा (तबल्याबरोबर तो कसा असावा ते पुढे सांगतो), तोही नुसती कॉर्ड नको, गाण्याच्या सुरुवातीच्या म्युझिकसारखा वाटेल असा. पुढे मुखडा लूपवर वाजवा. दुसरा थर हवाच असेल तर मुखडा आणि अंतऱ्याच्या मधल्या म्युझिकमध्ये भरा, तिथे श्रोत्यांना थांबायची सवय आहे. तिसरा थर भरूच नका. घरी तीन थर भारी वाटतात, हॉलमध्ये त्यांचा गाळ होतो.

आता तबलजी. तुमचा पाय समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पडला असं धरा. लूप 19.2 ऐवजी 19.3 सेकंदांचा झाला. तुम्ही लूप ऐकत वाजवता म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. पण तबलजी पक्क्या लयीत आहेत. सहा फेऱ्यांनंतर, म्हणजे दोन मिनिटांच्या आत, फरक 0.6 सेकंदांचा होतो. शंभरच्या लयीत एक मात्रा बरोबर तेवढीच असते. म्हणजे समोर बसलेल्या जाणकाराला सरळसरळ दिसतं की तबलजींची सम चुकली, आणि चूक त्यांची नसते. राग येणारच. एकाच आवर्तनाचा लूप केला तर तोच झटका दर पाच सेकंदांनी बसतो, म्हणून लूप छोटा करणं हा उपाय नाही. चार आवर्तनं बरी.

त्यात आणखी एक पेच आहे. आपल्याकडे लय स्थिर नसते, ती चढते. अंतऱ्यापर्यंत ठेक्याची लय मिनिटाला दोनचार मात्रांनी वाढलेली असते, लग्गी (ठेक्याचे जलद, खेळकर बोल) लागली की आणखी. तो बिघाड नव्हे, वादनाचा जीवच तो आहे. लूपर मात्र जन्माला आला त्या लयीत मरतो. तेव्हा तबला असताना माझा सल्ला असा, की ठेक्याचा लूप करूच नका. लयच नसलेला लूप करा.

तो असा. व्हॉल्यूम पेडल बंद ठेवून मोकळे षड्ज-पंचम छेडा आणि पेडल हळू उघडा. आघात ऐकू येत नाही, स्वर व्हायोलिनसारखा उमलतो. स्वर उमलल्यावर रेकॉर्ड दाबा, आधी नाही. दहाबारा सेकंद स्वर टिकवत राहा, क्षीण होतोय असं वाटलं तर पेडल थोडं आणखी उघडा, आणि आवाज भरलेला असतानाच लूप बंद करा. आवाज मावळू दिलात तर दर फेरीला एक खड्डा ऐकू येतो. नंतर दुसऱ्या थरात जोडावर, म्हणजे लूप संपतो आणि सुरू होतो त्या जागेवर, आणखी एक असाच स्वर उमलू द्या. जोड बुजतो. या लूपला मात्राच नाहीत, त्यामुळे तबलजी हवी तशी लय वाढवू शकतात, लग्गी लावू शकतात, त्यांना कोणाला धरून राहावं लागत नाही. कानाला तो तंबोऱ्यासारखा लागतो.

ठेक्याचा लूप, म्हणजे खर्ज-कॉर्ड-कॉर्ड असा, तबला नसलेल्या गाण्यांसाठी राखून ठेवा. तबल्याबरोबर तो करायचाच हट्ट असेल तर लूपचा आवाज तबलजींच्या कानाजवळ पोचला पाहिजे, त्यासाठी अँप तुमच्या दोघांच्या मधोमध मागे ठेवा, आणि लग्गीच्या आधी लूप बंद करायचा असं आधीच ठरवून घ्या.

सुरांकडे येऊ. स्टील गिटारला पडदे नाहीत. वाजवताना बार केसभर खाली पडला तर कान लगेच सावरतो, श्रोत्यांना कळतही नाही. लूपमध्ये पडलेला तोच केसभर फरक मात्र गाणं संपेपर्यंत परत परत येतो, आणि त्यावर वाजणारा तुमचा चांगला सूरही बेसूर वाटू लागतो. म्हणून खालचा थर मोकळ्या तारांवर किंवा बाराव्या आणि सातव्या घरच्या हार्मोनिक्सवर घ्या, आणि लूपची गाणी शक्यतो मोकळ्या तारांच्या पट्टीतच निवडा. बार वापरावाच लागला तर थरात कंप देऊ नका. कंप एकट्या सुराला शोभतो, दोन थरांतले दोन कंप एकमेकांत अडकतात. स्टेजवरच्या दिव्यांनी तारा तापून उतरतात, तेव्हा लूपच्या गाण्याआधी अर्धं मिनिट ट्यूनरवर काढाच.

मोकळ्या गंधाराची तार, आपल्या ट्यूनिंगमधली जी शार्प, हा खास सापळा आहे. तंबोऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. साथीला फक्त तबला आणि तंबोरा असेल तर ती तार तेवढी उतरवा, लूप एकदम निवळतो. कीबोर्ड असेल तर उतरवू नका, भांडण होईल. आणि गाणं भैरवी किंवा मालकंसाच्या अंगाचं असेल तर थर भरताना ती तार तळव्याने पूर्ण दाबून धरा. न छेडताही ती शेजारच्या तारांबरोबर घुमते, शुद्ध गंधार लूपमध्ये शिरतो आणि वर तुम्ही कोमल गंधार वाजवता. मालकंसात पंचमही नाही, तिथे लूप षड्ज-मध्यमाचा हवा. भैरवीतल्या गाण्यांत बाराही स्वर डोकावतात, त्यामुळे कॉर्डचा लूप कुठेतरी अडणारच. नुसता षड्ज पुरतो. एका बटणाच्या लूपरवर मुखड्याचा एक लूप आणि अंतऱ्याचा दुसरा असं करता येत नाही, म्हणून ज्या गाण्याचा अंतरा वेगळ्याच कॉर्डवर जातो ते गाणं सोडा किंवा त्यालाही नुसता षड्ज लावा.

जोडणीचा क्रम: गिटार, व्हॉल्यूम पेडल, लूपर, रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं पेडल), मग अँप किंवा मिक्सर. व्हॉल्यूम पेडल लूपरच्या नंतर लावलं तर तुमच्या सुराबरोबर लूपही वरखाली होतो आणि सगळं हेलकावे खातं. रिव्हर्ब लूपरच्या आधी ठेवला तर त्याची शेपटी जोडावर कापली जाते. लूपची पातळी मूळ गिटारीच्या बरीच खाली ठेवा, पाचसहा डेसिबल तरी. घरी हे कमी वाटेल, हॉलमध्ये बरोबर बसतं. थर भरताना गिटारचा टोन बंद करून आवाज गोल ठेवा, गाणं वाजवताना उघडा. खालचा थर खालच्या तारांवर, गाणं बाराव्या घराच्या वर, म्हणजे दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

पायाचा प्रश्न मांडीवर गिटार घेणाऱ्यांनाच कळतो. लूपर दाबायला पाय उचलला की गुडघा वर येतो, गिटार तिरपी होते आणि बार घसरतो, तोही नेमका समेला. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून फक्त चवड्याने दाबा आणि पेडल तेवढं जवळ घ्या. गिटारला स्टँड असेल तर प्रश्नच मिटतो. उजवा पाय व्हॉल्यूमवर, डावा लूपरवर. बैठकीवर वाजवत असाल तर लूपर उजव्या हाताशी छोट्या चौरंगावर ठेवा. कॉर्ड छेडून झाली की ती घुमते तेवढ्यात हात मोकळा असतो, तेव्हा बटण दाबता येतं. नखी लागून खट्ट आवाज होतो, म्हणून बोटाच्या गाठीने दाबा.

लूपर घेताना दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे रेकॉर्ड संपल्यावर दुसऱ्या दाबाला तो नुसता वाजायला लागतो की थेट पुढचा थर भरायला लागतो. काही पेडल्समध्ये हे बदलता येतं. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला पत्ता नसताना मुखडा लूपमध्ये जातो आणि पुढच्या फेरीला दोन गिटारी मुखडा वाजवतात. हे होतंच होतं, म्हणून मागचा थर पुसण्याची कृती डोळे मिटून यायला हवी. दुसरी गोष्ट थांबवण्याची. एका बटणावर दोनदा पटकन दाबून थांबवावं लागतं, गडबडीत पहिला दाब पडतो आणि दुसरा हुकतो. बॉसच्या आरसी-1 ला थांबवण्यासाठी वेगळा फूटस्विच जोडता येतो, टीसी इलेक्ट्रॉनिकच्या छोट्या डिटोला येत नाही. तुमच्या कामाला वेगळं थांबवण्याचं बटण फार उपयोगी, का ते पुढे येतंच.

मांडवातली घरघर हा स्वतंत्र विषय आहे, थोडक्यात सांगतो. सिंगल कॉइल पिकअप 50 हर्ट्झची घरघर पकडतो आणि प्रत्येक थराबरोबर ती पुन्हा लूपमध्ये भरली जाते. दिव्यांच्या डिमरच्या लाइनवरून अँपला वीज घेऊ नका, गिटार जरा फिरवून कुठल्या दिशेला आवाज कमी होतो ते बघा, आणि थर संपता संपता व्हॉल्यूम पेडल बंद करा (वर सांगितलेला लय नसलेला लूप सोडून). मांडववाले घरघर घालवायला अर्थिंगची पिन काढून देतात. तसं कधीही करू देऊ नका. तुमचे दोन्ही हात धातूवर असतात.

सम बरोबर पडण्यासाठी एकच रियाज सांगतो. तारा पूर्ण दाबून नुसती 'चक्' अशी केरव्याची चाल मेट्रोनोमवर चार आवर्तनं रेकॉर्ड करा. मग लूप आणि मेट्रोनोम दोन मिनिटं एकत्र ऐका. दोन्ही चिकटून राहिले तर पाय बरोबर, सुटत गेले तर किती सुटले ते मोजा. सूर नसल्यामुळे कान फक्त लयीकडे राहतो. बहुतेकांचा पाय उशिरा पडतो, कारण ते सम ऐकून दाबतात. टाळी देताना हात सम ऐकून खाली येत नाही, समेवर येतो. पायानेही तेच करायचं. रोज दहा मिनिटं पुरे.

आता श्रोत्यांसमोर मांडणं. दीड तासाच्या कार्यक्रमात पंधरा गाणी असतील तर लूप तीनांत, आणि पहिल्या दोनांत मुळीच नाही. आधी त्यांना ओळखीची हवाइयन गिटार ऐकू द्या. पहिल्या लूपच्या गाण्याआधी अर्धं मिनिट बोला, त्याहून जास्त नको. असं काहीसं: "तबल्याला जसा लेहरा लागतो तसा आज माझ्या गिटारला माझीच गिटार लेहरा देणार आहे. ही पायाशी पेटी आहे, तिच्यात आत्ता काहीच भरलेलं नाही. जे भरेन ते तुमच्यासमोर भरेन." 'लूपर', 'लाइव्ह लूपिंग' हे शब्द नातवंडांसाठी ठेवा. पेटी रिकामी आहे हे म्हणताना बटण दाबून दाखवा, काहीच वाजत नाही हे कळू द्या, पण त्या दाबाने रेकॉर्ड सुरू होतं, म्हणून गाण्याआधी ते पुसून टाका. पेडल पुढच्या रांगेला दिसेल असं थोडं तिरपं ठेवा, त्याचा दिवा लाल झालेला दिसला की लोक आपणच एकमेकांना कोपराने खुणावतात.

'ट्रॅक आहे' या शंकेवर बोलण्यापेक्षा थांबणं जास्त काम करतं. पहिल्या अंतऱ्यानंतर लूप पूर्ण बंद करा, मुखड्याची एक ओळ एकट्या गिटारवर वाजवा, हवी तेवढी रेंगाळून, आणि मग समेवर लूप पुन्हा सुरू करा. ट्रॅक कोणासाठी रेंगाळत नाही, हे ज्याला कळायचं त्याला कळतं. वेगळं थांबवण्याचं बटण यासाठीच म्हटलं. गाण्याचा शेवटही लूपवर करू नका. शेवटच्या मुखड्याआधी तो बंद करा, तबला आणि गिटार दोघांनीच तिहाई घ्या.

तबलजींकडे कार्यक्रमाआधी जा, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे. लय नसलेला लूप सुरू करा आणि त्यांना हवी ती लय धरायला सांगा, मग मुद्दाम लग्गी लावायला सांगा. ते पाच मिनिटं वाजवेपर्यंत तुम्ही काहीच समजावू नका.